वाळलेले किडे आणि रॉकेलचा फडका

‘गाडीच्या तोंडावर किडे वाळलेत? पाणी वाया घालवू नका. गाडी उन्हात लावा, किडे आपोआप सुटतात. रॉकेलचा नाहीतर डिझेलचा फडका फिरवा, राहिलेलं हिरव्या घासणीनं घासा. काचेवर कोल्ड्रिंक ओता. कार असो, ट्रॅव्हलर असो, फायबरची कॅरॅव्हॅन असो, रंगाला काही होत नाही. आठवड्यानं केलं तरी चालतं.’

हा मजकूर सध्या सोलापुरातल्या गाडीवाल्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. मी सतरा सीटर ट्रॅव्हलर चालवतो. अक्कलकोट, गाणगापूर, तुळजापूर, पंढरपूर आणि महिन्यातून चार-पाच वेळा पुणे. सपाट, उंच तोंडाच्या गाडीवर किडे किती बसतात ते मला रोज दिसतं. हा उपाय करून ओळखीतल्या दोघांनी गाडीचं तोंड खराब करून घेतलंय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी उन्हाचं. ऊन लागलं की किडे सुटतात, हे साफ उलटं आहे. आपल्याकडं वळीव पडला की तिन्हीसांजेला हुमणीचे भुंगेरे जमिनीतून निघतात, कडुनिंब-बाभळीवर जमतात आणि दिव्याकडं झेपावतात. शेतकरी त्यांच्यासाठी प्रकाश सापळे लावतात, आपण हेडलाइट लावून त्यांच्यातूनच जातो. पुणे रस्त्यावर टेंभुर्णी ते भिगवण उजनीच्या पाण्याजवळ चिलटांचे थवे वेगळेच. हे किडे आपटले की आतला रस सांडतो. तो बराचसा प्रथिनांचा, म्हणजे अंड्याच्या पांढऱ्या भागाच्या जातीचा. अंड्याचा पांढरा साठ-बासष्ट अंशाला गोठायला लागतो. मे महिन्यात सोलापूरच्या उन्हात काळ्या बॉनेटला हात लावून बघा, क्षणभर टेकवत नाही. त्या पत्र्यावर तो रस शिजतो, पक्का धरतो आणि खालच्या रंगाला खायला लागतो. किडा निघाल्यावरही त्याच्या आकाराचा फिकट डाग राहतो तो यामुळंच. गाडी सावलीत घ्या, पत्रा गार होऊ द्या, मग हात लावा. उकळतं पाणीसुद्धा याच कारणासाठी ओतू नये.

आता रॉकेल. डांबराचे शिंतोडे, ग्रीस यांवर रॉकेल चालतं, ते मी नाकारत नाही. पण ते तेलकट घाण विरघळवतं, प्रथिनं नाही. वाळलेल्या किड्यावर रॉकेल फिरवलं की तो ओला आणि चकचकीत दिसतो, म्हणून निघाल्यासारखा वाटतो. तासाभरानं बघा, कडा तिथंच असतात. शिवाय पॉलिश-वॅक्सचा थर जातो, रबराच्या पट्ट्या फुगतात आणि मागं राहिलेल्या तेलकटपणावर रस्त्याची धूळ बसते. मला सगळ्यात जास्त काळजी काचेची आहे. काचेवर रॉकेलचा पातळ पापुद्रा राहिला की रात्री समोरच्या ट्रकचा उजेड फाकतो आणि कडेचा सायकलवाला दिसत नाही. मागं सतरा माणसं बसलेली असताना मी तो फडका काचेला लावणार नाही, तुम्हीही लावू नका.

हिरवी घासणी कढई का घासते? नायलॉनच्या धाग्यांना सँडपेपरवर असते तसली भुकटी चिकटवलेली असते म्हणून. आजकालच्या कारच्या रंगावरचा पारदर्शक थर साधारण ४० ते ५० मायक्रॉनचा, डोक्याच्या केसापेक्षा पातळ. त्यावर घासणी फिरली की किडा जातो आणि गोल चरे राहतात. सकाळच्या तिरप्या उन्हात ते कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसतात. भुंगेऱ्याचं कवच स्वतःच टणक असतं, कोरडं घासलं तर तेच रंगावर ओरखडे पाडतं. भांड्याच्या वडीचं आणि टूथपेस्टचंही तेच, दोन्हींत भुकटी असते.

काळ्या कोल्ड्रिंकमध्ये फॉस्फोरिक आम्ल आणि भरपूर साखर असते. आम्ल ओघळून रंगावर येतं, साखर वायपरच्या रबराखाली चिकटते. विषय संपला.

कॅरॅव्हॅन, म्हणजे आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी, आपल्याकडं अजून क्वचितच दिसते. पण मजकुरात तिचं नाव आहे, तर सांगतो. तिचं तोंड बहुधा फायबरचं असतं आणि त्यावर कारचा रंग नसून जेलकोट, म्हणजे फायबरवरचा गुळगुळीत रेझिनचा थर असतो. घासणीनं तो मॅट होतो आणि मग प्रत्येक फेरीत घाण जास्त धरतो. खिडक्या पुष्कळदा ॲक्रिलिकच्या असतात. पेट्रोल-थिनर लागलं की त्यांना आतून बारीक तडे जातात. आपल्या गाड्यांचे प्लॅस्टिकचे हेडलाइटही तसेच जातात. प्रेशरचा पाइप जवळून मारला तर सांध्यातल्या सीलंटमधून पाणी आत शिरतं.

राहिला पाण्याचा मुद्दा, आणि हा मजकूर पसरतोय तो त्याच्याच जोरावर. नळाला काही दिवसांच्या अंतरानं पाणी येणाऱ्या गावात ‘पाणी वाचवा’ म्हटलं की कुणालाही पटतं. मलाही पटतं. पण या कामाला पाइप लागतोच कुठं? करपलेलं पातेलं आपण खरवडत बसत नाही, भिजत घालतो. गाडीलाही तेच करायचं, आणि त्याची वस्तू आपल्याच गावात विणली जाते. सोलापुरी टर्किश टॉवेलचे फासे भरपूर पाणी धरतात. जुने दोन टॉवेल कोमट पाण्यात बुडवायचे, पाण्यात गाडीचा शाम्पू थोडासा घालायचा आणि ते गाडीच्या तोंडावर नुसते पसरून ठेवायचे. पंधरा मिनिटं. वाळायला लागले तर तांब्याभर पाणी वरून सोडायचं. मग टॉवेल न दाबता वरून खाली ओढून घ्यायचा, निम्मे किडे त्याच्याबरोबर येतात. राहिलेल्यांवर पुन्हा दहा मिनिटं. शेवटी मऊ मायक्रोफायबरनं पुसायचं, आणि फडक्याची बाजू सारखी बदलायची, नाहीतर आधी निघालेलं कवचच पुन्हा फिरतं. माझ्या अख्ख्या ट्रॅव्हलरच्या तोंडाला दीड बादली पाणी लागतं. बोअरचं पाणी असेल तर लगेच कोरडं पुसा, क्षारांचे पांढरे ठिपके उन्हात बसतात.

आणि आठवडा थांबणं तर नकोच. रात्री उशिरा पुण्याहून आलो की टॉवेल टाकून मी चहा घेतो. कप रिकामा होईस्तोवर किडे सुटलेले असतात. तेच सकाळी दहाला, ऊन चढल्यावर करायला घेतलं तर तिप्पट वेळ जातो.