बिग ब्रुटसच्या बकेटमध्ये 150 टन कोळसा मावतच नाही

भाचा मायनिंगच्या डिप्लोमाला आहे. त्यानेही हा मेसेज खरा मानून पुढे ढकलला, म्हणून लिहावं लागतंय. मेसेज असा: ‘अमेरिकेतला बिग ब्रुटस, जगातली सर्वांत मोठी शॉवेल. एका घासात 150 टन कोळसा, मालगाडीचे तीन डबे! रोज हजारो लिटर डिझेल. शेवटी चिखलात रुतला, तिथेच सोडला.’ सोबत भल्यामोठ्या चाकाच्या यंत्राचा फोटो.

आधी तो कोळसा. आकडा बरोबर, माल चूक. कॅन्ससमधल्या वेस्ट मिनरलला याच यंत्राचं संग्रहालय आहे. त्यांची माहिती: बकेट 90 घनयार्ड, क्षमता 150 टन, तीन डबे भरतील इतकी. त्या डब्यांत कोळसा भरला तो मेसेजवाल्याने. 90 घनयार्ड म्हणजे 69 घनमीटर. फुटलेला कोळसा घनमीटरला साधारण 0.85 टन, बकेट गच्च भरली तरी 60 टनांच्या आतबाहेर. 150 टन भरतात ते दगडमातीचे, आणि तेच त्याचं काम होतं. ही स्ट्रिपिंग शॉवेल, म्हणजे कोळशावरचा थर काढणारं खोदयंत्र. खाणीच्या तळाशी उभं राहून समोरचं 20 ते 70 फुटांचं ओव्हरबर्डन, म्हणजे कोळशावरची दगडमाती, कापायचं, बूम (बकेटचा लांब हात) फिरवायची आणि कोळसा काढून रिकाम्या झालेल्या शेजारच्या पट्ट्यात ओतायचं. ओव्हरबर्डनला डंपर लागतच नाही. उघडा पडलेला कोळसा लहान शॉवेल ट्रकमध्ये भरत. तिथला थर पातळ. एवढी बकेट त्यात घातली तर वरखालचा दगड मिसळून कोळशातली राख वाढणार. वणी-चंद्रपूरकडे शॉवेल डंपर भरताना दिसते, म्हणून मेसेज पटतो. पण स्ट्रिपिंग आणि लोडिंग यांतला फरक डिप्लोमाच्या पोराला कळायलाच हवा.

डिझेल? यंत्र विजेवर चालायचं, मागे लोळत येणाऱ्या जाड ट्रेलिंग केबलवर.

सर्वांत मोठी? आज उभ्या असलेल्या इलेक्ट्रिक शॉवेलमध्ये, हो, एवढं मान्य. पण इलिनॉयमधल्या मॅरियन 6360 ची बकेट 180 घनयार्डांची होती, बरोबर दुप्पट. 1991 मध्ये आग लागली आणि ती भंगारात गेली.

फोटोतलं यंत्र जर्मनीतलं बॅगर 288, बकेट व्हील एक्सकॅव्हेटर, म्हणजे बकेटा लावलेलं चाक फिरवत खोदणारं यंत्र. शॉवेलच नाही.

आणि रुतलाबितला काही नाही. 1963 पासून चालला, 1974 मध्ये तिथला कोळसा परवडेना म्हणून थांबवला. सुटा करून हलवायचा खर्च झेपणारा नव्हता, म्हणून जागेवरच ठेवला.