सुटलीस बाई!

पाळी थांबून वर्ष होत आलं तेव्हा मोठ्या जाऊबाई म्हणाल्या, "सुटलीस बाई!" त्याच आठवड्यात पतसंस्थेच्या काउंटरवर मला 'व्हाउचर' हा शब्द आठवेना. 22 वर्षं रोज तोंडात असलेला शब्द. समोर शिपाई, त्याच्यामागे रांग, आणि मी म्हणतेय, "अरे, ते दे ना... तो गुलाबी कागद."

तिजोरी लावली का ते बघायला दोन-दोनदा जिना चढून परत जायचं. रात्री तीनला मानेपासून वर वाफ चढायची. ऐन जानेवारीत मी स्वयंपाकघराच्या फरशीला पाठ टेकून बसलेली, आणि नवरा आत गोधडीत. त्याहून वाईट होती ती उगाचची धास्ती. आजीला शेवटी माणसं ओळखू येत नव्हती. मला वाटलं, आपलंही सुरू झालं.

पहिले डॉक्टर म्हणाले, "वय झालं मॅडम, कॅल्शियम घ्या." दुसऱ्या डॉक्टरबाईंनी आधी थायरॉईड, बी-12 आणि हिमोग्लोबिन तपासून घेतलं. मग खुर्ची पुढे ओढून नीट समजावलं. इस्ट्रोजेन या बायकांच्या हार्मोनचं काम फक्त गर्भपिशवीपुरतं नसतं. आठवणी सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसला ते लागतं, अंगाचं तापमान राखणाऱ्या हायपोथॅलॅमसलाही लागतं. पाळी जायच्या आधीची काही वर्षं ते कधी चढतं, कधी कोसळतं. मेंदूला या हेलकाव्यांचा त्रास होतो. वर झोपेचं खोबरं. मग शब्द कुठून आठवणार?

अमेरिकेत 1996 पासून हजारो बायकांचा वर्षानुवर्षं मागोवा घेतला गेला. पाळी जाण्याच्या या काळात नवं लक्षात ठेवण्याचा वेग मंदावतो आणि पुढे बहुतेकींचा पुन्हा सावरतो, असं त्यात दिसलं. म्हणजे हा डिमेन्शिया, आजीसारखा स्मृतिभ्रंश, नव्हे. हे एक वाक्य मला दोन वर्षं आधी कुणी सांगितलं असतं तर!

नैराश्याचं मात्र वेगळं. या काळात त्याचा धोका खरोखर वाढतो, आधी कधी येऊन गेलेलं असेल तर जास्तच. तिथे "भजनी मंडळात जा, मन रमव" एवढ्याने भागत नाही. भजनाला जरूर जा, पण डॉक्टरांकडेही जा. हार्मोनच्या गोळ्यांचं नाव काढलं की सगळ्या कॅन्सर म्हणून दचकतात. ती भीती मुख्यतः 2002 च्या एका अमेरिकी अभ्यासातून आली, आणि त्यातल्या बायकांचं सरासरी वय होतं 63. पन्नाशीच्या आसपासच्या बाईचा हिशोब वेगळा असतो. प्रत्येकीला त्या चालतात असं नाही, पण विचारायला काय हरकत आहे?

आता त्या 'सुटलीस'बद्दल. हाच शब्द आपल्या बीडमध्ये ऊसतोड बायकांना ऐकवला गेला. "पिशवी काढून टाक, सुटशील." फडात खाडा झाला की मुकादम पैसे कापणार, मग पाळी परवडते कुणाला? 2019 च्या सरकारी समितीने 82 हजारांहून जास्त बायकांची माहिती घेतली. त्यातल्या 13 हजारांहून जास्त जणींची पिशवी काढलेली होती. कित्येकींनी चाळिशीसुद्धा गाठलेली नव्हती. नुसती पिशवी काढली तरी अंडाशयं लवकर थकू शकतात, आणि तीही काढली तर इस्ट्रोजेन एकदम कोसळतं. कमी वयात अंडाशयं काढली आणि पुढे हार्मोन दिले नाहीत, तर उतारवयात स्मरणशक्तीला धोका वाढतो, असं अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या संशोधकांना आढळलंय. त्या बायकांपैकी कुणाला झोप लागते का, काही आठवेनासं झालंय का, हे त्यांना कुणी विचारत असेल? मला तरी शंका आहे. मला निदान कॅल्शियम तरी मिळालं.

परवा आईला फोनवर हे सगळं सांगितलं. ती 74 वर्षांची. आम्ही लहान असताना भर दुपारी पदर ओला करून मानेवर टाकायची आणि मागच्या दारी धुण्याच्या दगडावर एकटीच बसायची. घरात तिला सगळे 'तापट' म्हणायचे. मीही म्हणायचे.

बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला वाटायचं गं, मला वेड लागतंय. म्हणून तर मी मागे जाऊन बसायचे."