आमच्या घरातले अनोळखी काका

माणसाचे डोळे डोक्याच्या बरोबर मध्यावर असतात. टाळूपासून हनुवटीपर्यंत जेवढी उंची, तिच्या निम्म्यावर. ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर कळली आणि कळूनही पटली नाही. पट्टी घेऊन आरशासमोर उभा राहिलो, स्वतःला मोजलं, आईला मोजलं. भाचा मोजू देईना, त्याला झोपेत मोजलं. सगळ्यांचे निम्म्यावरच!

तोवर पेन्सिलने चेहरे काढून काढून माझ्या दोन वह्या भरल्या होत्या आणि त्यांत एकच गृहस्थ पुन्हा पुन्हा येऊन बसले होते. आईला काढायला घ्यावं, तर हे हजर. बहिणीला काढावं, तर तिच्या वेणीसकट हेच. डोळे पार कपाळात, वरची कवटी सपाट, म्हणजे मेंदूला जागाच नाही, आणि चेहऱ्यावर वसुलीला आल्याचा भाव. करायला गेलो गणपती आणि झालं माकड म्हणतात. पण माकड निदान ओळखू तरी येतं. भाच्याने त्यांना 'काका' करून टाकलं. वही उघडायचा आणि ओरडायचा, "मामा, आज काका आजीची साडी नेसलेत!"

शेवटी लूमिस पद्धतीला शरण गेलो. अँड्रयू लूमिस (१८९२–१९५९) या अमेरिकन चित्रकाराच्या नावाने ती ओळखली जाते. आधी एक चेंडू काढायचा. दोन्ही बाजूंनी त्याची चकती उडवायची, ती कानशिलं. चेंडूच्या मधोमध भुवयांची रेघ. मग केस सुरू होतात तिथून भुवई, भुवईपासून नाकाचा तळ, तिथून हनुवटी, असे तीन सारखे भाग. कान भुवई आणि नाकाच्या तळाच्या मधल्या पट्ट्यात. डोक्याची रुंदी पाच डोळ्यांची. ऐकायला किती सोपं! माझा पहिला आठवडा चेंडूतच गेला, कारण त्याचा दर वेळी बटाटा व्हायचा. आणि मान जराशी वळली की भुवयांची रेघही चेंडूवरून वळसा घेते म्हणे. माझी घ्यायची नाही. त्यामुळे काकांचं नाक खिडकीकडे आणि तोंड दाराकडे.

बहीण फोटोत हसत होती म्हणून मी दर दोन दातांमध्ये ठळक रेघ मारली. कणीस हसल्यासारखं दिसलं. तिने आठ दिवस फोन केला नाही.

पण खरा घात केला तो एका डोळ्याने. तासभर खपलो त्याच्यावर. वरच्या पापणीची सावली बुबुळावर पाडली, ६बी पेन्सिलने बाहुली गच्च काळी केली, कणकेसारखं मळायचं ते खोडरबर असतं, त्याला टोक काढून उजेडाचा ठिपका अलगद उचलला. डोळा माझ्याकडे बघायला लागला! मग कागद आरशासमोर धरला. उलटं दिसलं की चुका पकडता येतात. पकडली. डोळा कानात शिरला होता. एवढा देखणा डोळा खोडायला हात धजेना, म्हणून बाकीचा चेहरा खोडून तोच सरकवला. दुसरा डोळा मग कागदाबाहेर गेला.

अशात वाचनात आलं की चित्रकार नकळत सगळ्यांना स्वतःचंच तोंड देतो, सांभाळून राहा, असं लिओनार्दो दा विंचीने लिहून ठेवलंय. मी चरकलो. म्हणजे वसुलीवाले ते काका... शहानिशा करायलाच हवी होती. आरसा समोर ठेवला आणि स्वतःला काढायला बसलो. चेंडू, चकत्या, तीन भाग, सगळं मोजून. डोळे निम्म्यावर. तीन संध्याकाळी गेल्या, पण काका काही उगवले नाहीत.

चौथ्या दिवशी वही आईच्या हाती लागली. तिने चष्मा लावला, कागद लांब धरला, जवळ आणला, पुन्हा लांब धरला.

"अगबाई! या खेपेला जमले की रे मी," ती म्हणाली. "एवढी मिशी तेवढी खोडून दे."