ब्रेकमध्ये इंजिन ऑइल घाला म्हणणाऱ्या त्या फॉरवर्डबद्दल

"जुना ट्रक, जीप, पिकअप घरीच नवी करा, मेकॅनिक तुम्हाला हे कधीच सांगणार नाही" असा एक मेसेज गेले दोन महिने फिरतोय. सात मुद्दे, प्रत्येकापुढे हिरवी टिक, शेवटी "पन्नास हजार वाचतील, गाडीवेड्या मित्रांना पाठवा". मला तो चार ग्रुपवर आला आणि चारही वेळा मी सोडून दिला, म्हटलं कोण करतंय असलं. केलं आमच्या मामांनी.

मामांकडे आजोबांच्या काळातला फार्गो पिकअप आहे. प्रीमियरच्या कुर्ल्याच्या कारखान्यात क्रायस्लरशी करार करून डॉज आणि फार्गो या नावांनी गाड्या निघायच्या, त्यातला. एकेकाळी यातून गूळ कोल्हापूरच्या शाहूपुरीत यायचा, मग वीसेक वर्षं गोठ्याशेजारी पत्र्याखाली उभा. मामा रिटायर झाले आणि त्यांनी तो बाहेर काढला. इंजिन उद्यमनगरातून करून आणलं, ते उत्तम झालंय. ब्रेक आणि वायरिंग मात्र "त्यात काय एवढं" म्हणून घरी घेतलं, हाताशी हा मेसेज.

परवा फोन आला, "गाडी हलंना झालीय रं." मी गेलो. सेल्फ मारला, इंजिन चालू, गिअर टाकला की गाडी जागच्या जागी बसते, कोणीतरी मागून धरून ठेवल्यासारखी. कशीबशी रेटत अंगणात दोन फेऱ्या मारल्या आणि पुढच्या ड्रमवर, म्हणजे चाकाच्या आतल्या ब्रेकच्या डब्यावर, पाणी शिंपडलं तर चर्र. पेडलला पाय न लावता ब्रेक लागलेले. मास्टर सिलिंडरचं, म्हणजे पेडलचा दाब ऑइलमधून चाकांकडे ढकलतो त्या पंपाचं, झाकण उघडून बोट बुडवलं, बोटाला काळपट, चिकट. मामा, हे काय घातलंय? "इंजिन ऑइल. नवीन हाय, वापरलेलं न्हाई."

तर हा मेसेजमधला दुसरा मुद्दा, आणि मी सुरुवात इथूनच करणार कारण बाकीच्या मुद्द्यांनी पैसे जातील, याने माणूस जाईल. शब्द असे: "ब्रेक ऑइल ही कंपन्यांची लूट. पूर्वी एरंडेल तेल वापरत. एरंडेल किंवा कोणतेही स्वच्छ इंजिन ऑइल चालते, उलट रबर मऊ राहते."

एरंडेलाचं अर्धं खरं आहे, ते आधी मान्य करून टाकतो. हायड्रॉलिक ब्रेकच्या सुरुवातीच्या काळात ब्रेक ऑइल खरंच एरंडेल आणि अल्कोहोल मिसळून बनायचं. पण मिसळून. नुसतं एरंडेल थंडीत घट्ट होतं आणि पडून राहिलं की चिकटा धरतो, आणि त्या मिश्रणातला अल्कोहोल लवकर उकळायचा म्हणून तर लोकांनी ते सोडलं. बरं, एरंडेल हे झाडाचं तेल, इंजिन ऑइल हे खनिज तेल. दोन्ही तेलकट लागतात म्हणून एका वाक्यात "किंवा" घालून बसवली आहेत. रबराला त्या दोघांतला फरक बरोबर कळतो. ब्रेकच्या किटमध्ये (बदलायच्या रबरी वॉशरांच्या संचात) येणारं रबर खनिज तेल पितं आणि फुगतं. "मऊ राहते" म्हणजे हेच, मऊ होऊन सुजतं.

आणि ते सुजलं की काय होतं हे लक्षात घ्या, कारण मेसेज लिहिणाऱ्याने मास्टर सिलिंडर उघडून बघितलेला नाही अशी माझी खात्री आहे. मास्टर सिलिंडरच्या आत, टाकीतून ऑइल खाली येतं तिथे एक मोठं भोक असतं आणि पुढे एक अगदी बारीक, टाचणीच्या जाडीचं. पेडल सोडलं की रबरी वॉशर मागे येतो, ते बारीक भोक उघडं पडतं आणि लाइनमधलं जादा ऑइल टाकीत परत जातं. वॉशर सुजला की त्याचा काठ त्या भोकावरच बसून राहतो. ऑइलला परतीची वाट बंद. प्रेशर चाकाशी अडकलं, लायनर (ब्रेकच्या घासणाऱ्या पट्ट्या) ड्रमला घासत राहिले, ड्रम तापला, तापलं की ऑइल अजून फुगतं, ब्रेक अजून आवळतात. एवढ्यावर भागलं तर नशीब, कारण तेच सुजलेलं रबर पुढे फाटतं, आणि या गाडीला एकच सर्किट आहे. चार चाकांतलं एक होज (रबरी नळी) किंवा एक वॉशर गेला की चारही चाकांचे ब्रेक गेले, पेडल थेट फळीला. मामांचा बेत पुढच्या रविवारी जोतिबाला जायचा होता. तो डोंगर उतरताना हे झालं असतं तर, जाऊ दे.

मी वॉशर बाहेर काढले. नवीन वॉशर सिलिंडरमध्ये बोटाने सरकतो, हे मागून हवा मारून काढावे लागले. शेजारी शेजारी ठेवले तर जुना रात्रभर भिजवलेल्या हरभऱ्यासारखा टम्म, काठ बाहेर लोळतोय, नखाने दाबलं तर वळ तसाच राहतो. बरं, हे दहा दिवसांपूर्वी घातलेलं नवं किट.

आता मामांचं म्हणणं, आणि सगळ्यांचं हेच असतं: "पण आठ दिवस झकास चालली की!" चालणारच. तेल दाबलं जात नाही, पेडल मारलं की दाब चाकापर्यंत पोचणार, तिथे पाणी घातलं असतं तरी पहिल्या दिवशी ब्रेक लागला असता. पहिल्या दिवशी चालतं म्हणून तर व्हिडिओ निघतो, मेसेज निघतो. नवव्या दिवसाचा व्हिडिओ कोणी काढत नाही.

"तू म्हणतोस म्हणून?" असंही ऐकावं लागलं. नाही. गाडी अमेरिकन घराण्यातली आहे तर अमेरिकेचाच नियम बघा, एफएमव्हीएसएस ११६, तिथला ब्रेक ऑइलचा सरकारी सुरक्षा नियम, डब्यावर जे डॉट ३, डॉट ४ लिहिलेलं असतं ते तिथून आलंय. त्या नियमात रबरी कप, म्हणजे हाच आपला वॉशर, ब्रेक ऑइलमध्ये बुडवून, तापवून किती फुगला हे मोजायची वेगळी टेस्ट आहे. कपाच्या तळाचा व्यास कमीत कमी ०.१५ आणि जास्तीत जास्त १.४० मिलिमीटर वाढला पाहिजे. म्हणजे थोडा फुगायलाच हवा, तरच गळत नाही, पण ठरलेल्या मापातच. हे माप सांभाळणारं ऑइल बनवण्याचे ते पैसे आहेत, "लूट" म्हणतात ते. आणि याच नियमानुसार डब्यावर इशारा छापावा लागतो की धूळ, पाणी, पेट्रोलियमचे पदार्थ मिसळले तर ब्रेक फेल होऊ शकतो. मामांच्या कपाटातल्या डब्यावर तो इशारा इंग्रजीत, मुंगीएवढ्या अक्षरात छापलेला होता, मी चष्मा लावून वाचून दाखवला. त्याच्याच पुढची ओळ अशी की हा रिकामा डबा पुन्हा भरू नका, दुसरं काही ठेवू नका. आणि मामांनी उरलेलं इंजिन ऑइल त्याच डब्यात ओतून ठेवलं होतं! उद्या भाच्याने, म्हणजे मी, तो डबा उचलून स्वतःच्या गाडीत ओतला असता.

ज्यांनी हे करून ठेवलंय त्यांनी नुसतं ऑइल बदलून भागवू नका. रबराच्या ज्या ज्या वस्तूला ते लागलंय ती प्रत्येक वस्तू जाते, मास्टरचं किट, चारही चाकांची किटं, सगळे होज. लोखंडी पाइप स्पिरिटने धुवायचे, हवा मारून सुकवायचे, मग नवं ऑइल. दोनशे-तीनशे वाचवायला गेलो त्याचा हा हिशोब.

तिसरा मुद्दा "डॉट ५ सर्वात भारी, नंबर जितका मोठा तितके चांगले". इथे निदान ऑइल तरी ब्रेकचं आहे. पण डॉट ५ म्हणजे सिलिकॉन, जांभळ्या रंगाचं, ते ३ आणि ४ मध्ये मिसळत नाही. डॉट ५.१ पुन्हा वेगळंच, ते ३-४ च्याच घराण्यातलं. नंबर देणाऱ्याने घोळ घातलाय हे खरं. सिलिकॉनचे फायदे आहेत, रंगावर सांडलं तर रंग उचलत नाही, म्हणून प्रदर्शनात उभ्या असणाऱ्या गाड्यांना काही हौशी लोक घालतात. पण ते पाणी शोषत नाही म्हणजे आत शिरलेलं पाणी तसंच खाली साचून गंज काढतं, आणि जुनं सगळं साफ करून, नवी किटं घालूनच ते घालता येतं. आपल्या गाड्यांना डॉट ३ किंवा ४, दर दोनेक वर्षांनी बदललेलं. डॉट ३ कोरडं असताना किमान २०५ डिग्रीपर्यंत उकळता कामा नये, पाणी पिऊन बसलं की ही मर्यादा १४० वर येते. भारी नंबरचं जुनं ऑइल ठेवण्यापेक्षा साधं ताजं बरं.

चौथा, एसीवाल्याकडून तांब्याचा पाइप आणून ब्रेक लाइन करा, "गंजत नाही". गंजत नाही, बरोबर. पण तांबं कंपनाने कडक होत जातं आणि एक दिवस फ्लेअरच्या, म्हणजे जोडासाठी फाकवलेल्या तोंडाच्या, मुळाशी चीर पडते. हेही पहिले काही महिने चालणारं प्रकरण. तांबूस दिसणारे ब्रेक पाइप परदेशी गाड्यांत असतात म्हणून कोणीतरी गैरसमज केला असावा, ते तांबं-निकेलच्या मिश्रधातूचे असतात. साधा स्टीलचा पाइप आणि डबल फ्लेअर (तोंड दुमडून दुहेरी केलेलं), विषय संपला. आणि एसीवाल्याचं टूल सिंगल फ्लेअर करतं, हे त्यालाच विचारा.

आता वायरिंग. "सहा व्होल्ट कमजोर असते, सरळ बारा व्होल्टची बॅटरी टाका, बाकी काही बदलू नका." या गाडीला मूळ सहा व्होल्ट आणि पॉझिटिव्ह अर्थिंग, म्हणजे बॅटरीचा प्लस चॅसीला. सेल्फ बारावर थोडा वेळ फिरतो, जोरात फिरतो, त्यामुळे लोकांना वाटतं काम झालं. पण व्होल्टेज दुप्पट झालं की त्याच बल्बमध्ये, ठिणगी पाडणाऱ्या त्याच कॉइलमध्ये वॉट जवळजवळ चौपट. बल्ब फटकन जातात ते बरं, दिसतं तरी. कॉइल गुपचूप तापत राहते, पेट्रोलचा काटा टाकी रिकामी असताना भलतंच दाखवतो, आणि सहाचा डायनामो आणि कटआउट (डायनामो बॅटरीला जोडणारा-तोडणारा स्विच) बाराची बॅटरी चार्ज करणारच नाही. बारा व्होल्ट करायला माझा विरोध नाही, खूप जण करतात, पण मग बल्ब, कॉइल, डायनामो, कटआउट, हॉर्न, मीटर असं सगळं घर बदलावं लागतं. "बाकी काही बदलू नका" हे चार शब्द गुन्हा आहेत. अर्थिंग उलटं करायचं असेल तर तेही करता येतं, डायनामोचं पोलारिटी नीट करून, कॉइलच्या वायरी अदलाबदल करून, पण आधी मामांनी लावलेली गाणी वाजवायची पेटी आणि एलईडी काढा, त्यांना उलटसुलट सहन होत नाही.

मुळात सहा व्होल्ट कमजोर नाही, केबल बारीक आहे. ४५ वॉटचा बल्ब बारा व्होल्टवर पावणेचार अँपिअर घेतो, सहावर साडेसात. करंट दुप्पट, म्हणजे वायर जाड हवी. शिवाय वाटेत अर्धा व्होल्ट पडला तर बारातून चार टक्के जातात, सहातून आठ. मामांनी बॅटरी ते सेल्फ कुठल्यातरी छोट्या कारची केबल लावलेली. सेल्फ मारताना मीटरची एक पिन बॅटरीच्या खांबावर आणि दुसरी सेल्फच्या बोल्टवर धरली, दीड व्होल्ट तिथेच गायब! अर्थिंगकडे बघितलं तर चॅसीला नवा काळा रंग फासलाय आणि अर्थची पट्टी रंगावरूनच आवळलीय. रंगातून करंट जात नाही हो. तिथला रंग पॉलिश पेपरने घासून चकचकीत पत्रा काढला, थिंबल (केबलच्या टोकाची कडी) आवळलं, जाड केबल टाकली. त्याच "कमजोर" बॅटरीवर सेल्फ असा फिरला की मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या.

फ्यूज सारखा उडत असेल तर सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळा, हा सहावा. हे आपल्याकडे एवढं मुरलंय की कोणी दचकत नाही. फ्यूज बल्बसाठी नसतो, वायरसाठी असतो. चांदी गुंडाळली की फ्यूजच्या जागी आता तुमची वायर जळणार, आणि ती सीटखालून, टाकीजवळून गेलेली असते. मामांच्या गाडीत फ्यूज उडत होता कारण मागच्या दिव्याची वायर फळीच्या कडेला घासून उघडी पडली होती. दहा मिनिटांचं काम, रबरी ग्रोमेट घातला.

सातवा, ड्रममधली धूळ कॉम्प्रेसरने उडवा. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असतो, ती धूळ फुफ्फुसात जाते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. पहिला मुद्दा गंजावर डिझेल मारून रात्रभर ठेवा असा होता, तो ठीक आहे, फक्त ब्रेकपासून लांब.

मागच्या चाकांची किटं मिळाली, पुढच्या होजच्या आट्या जुळत नाहीत म्हणून ते बनवायला टाकलेत, गुरुवारी देतो म्हणालाय. ब्रेकच्या लाइनमधली एअर काढायला दोघं लागतात, मामा पेडल मारणार, मी खाली चाकाच्या निप्पलला. तो इंजिन ऑइलवाला डबा मी खिळ्याने भोक पाडून भंगारात टाकला. मामांनी विचारलं, आता झाकण लावलं असतं तर चांगला डबा होता की.