हळू सोड, पण कुठे?

गाडी शिकवणारा प्रत्येक माणूस एकच मंत्र देतो : "क्लच हळू सोड." ड्रायव्हिंग स्कूलचे सर देतात, मोठा भाऊ देतो, आणि जिने जन्मात स्टिअरिंगला हात लावला नाही ती आत्यासुद्धा मागच्या सीटवरून देते. शिकणारा बिचारा आज्ञाधारक. तो पेडल तळापासून इतक्या भक्तिभावाने वर आणतो की ठाण्याच्या तीन हात नाक्याचा हिरवा दिवा निम्मा संपतो. मग मागच्या रिक्षाचा हॉर्न वाजला की उरलेला पाय एकदम उचलतो. गाडीला दोन उचक्या लागतात, इंजिन बंद. आणि शेजारून पुन्हा तेच, "अरे, हळू सोड सांगितलं ना!"

या मंत्राशी माझं भांडण एवढंच आहे, की हळू म्हणजे कुठे ते कोणी सांगत नाही. क्लचचं पेडल तळापासून वरपर्यंत पाच-सहा इंच फिरतं. त्यातला हळू सोडायचा पट्टा जेमतेम इंचभर. त्याच्या खाली पाय भरभर उचलला तरी काही बिघडत नाही, कारण तिथे आत काहीच घडत नसतं. त्याच्या वर रेंगाळलं तर बिघडतं, पण ते बिल नंतर येतं.

आत काय चालतं ते एकदा डोळ्यांसमोर आणलं की निम्मी भीती जाते. इंजिनाच्या टोकाला फ्लायव्हील नावाची जड तबकडी असते. गाडी जागेवर उभी असली तरी ती मिनिटाला आठशेच्या आसपास गिरक्या घेत असते. तिच्यासमोर क्लच प्लेट. ती गिअरबॉक्सला जोडलेली, दोन्ही अंगांना ब्रेक लायनरसारखं खरखरीत अस्तर. प्लेटच्या मागे प्रेशर प्लेट, जिच्यातली स्प्रिंग क्लच प्लेटला फ्लायव्हीलवर कायम दाबून धरते. म्हणजे जोडलेलं राहणं हा क्लचचा स्वभाव आहे, आपण पेडल दाबून त्यांना वेगळं करतो. क्लच दाबला की सुटतो आणि सोडला की धरतो. शिकणाऱ्याचा पहिला गोंधळ इथलाच आहे आणि त्याला मी अजिबात दोष देत नाही.

आता एक तबकडी आठशेने फिरतेय आणि दुसरी ठार उभी. ठाणे स्टेशनच्या सरकत्या जिन्यापाशी पाच मिनिटं थांबून बघा. जिना चालू, माणूस उभा. सवयीचा माणूस चालत येतो, पहिल्या पायरीवर क्षणभर तोल सावरतो आणि जिन्याचाच होऊन जातो. नवखा एक पाय हवेत धरून उभा राहतो, मागे रांग लागते, मग डोळे मिटून उडी मारतो आणि पुढच्या पाठीवर आदळतो. तो तोल सावरायचा क्षण म्हणजे हाफ क्लच. प्लेट तेव्हा घसरत घसरत फ्लायव्हीलचा वेग पकडत असते. तो क्षणच दिला नाही तर फिरणाऱ्या तबकडीच्या गळ्यात अख्ख्या गाडीचं वजन एकदम पडतं. तिला ते पेलत नाही, गाडी बंद पडते.

हा इंच शोधायचा व्यायाम फुकट आहे आणि सोसायटीच्या सपाट आवारात, पहाटे, वॉचमनच्या साक्षीने करता येतो. आधी सीट. क्लच पूर्ण तळाला दाबल्यावरही गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पाय ताणून बोटांनी पेडल गाठणाऱ्याला इंच काय, फूटही सापडणार नाही. पायाखालची मॅट सरकून पेडलखाली गोळा झालेली नाही ना, तेही बघा. मॅट आडवी आली तर क्लच पूर्ण दबत नाही आणि गिअर टाकताना गिअरबॉक्स दातओठ खातो. मग पहिला गिअर टाका आणि उजवा पाय ब्रेकवर तयार ठेवा. रेस द्यायची नाही. टाच जमिनीवर टेकून क्लच उचलत जा. एका जागी इंजिनाचा आवाज जाड होतो, इंजिनाचे मिनिटाचे फेरे दाखवणारा आरपीएमचा काटा थोडा खाली येतो, गाडीच्या अंगातून बारीक थरथर जाते. तिथेच थांबा. पाय तिथेच धरून ठेवला की गाडी आपणहून सरकायला लागते. सरकली की पुन्हा क्लच दाबा, ब्रेक लावा. हेच वीस वेळा. वीस वेळा झाल्यावर पायाला ती जागा न बघता कळते, जशी अंधारात घरातल्या बटणाची कळते.

प्रत्येक गाडीत ही जागा वेगळी असते, हा पुढचा जाच. मामाच्या गाडीचा क्लच वर धरतो, आपल्या गाडीचा खाली. प्लेट झिजत जाते तशी ती जागाही बऱ्याच गाड्यांत वर सरकते. त्यामुळे दुसऱ्याची गाडी घेऊन निघताना पहिल्या मिनिटाला तिचा इंच विचारून घ्यावा, मग ऐटीत काच खाली करावी.

ड्रायव्हिंग स्कूलमध्ये हे शिकवत नाहीत असं नाही. पण तिथल्या गाडीत शेजारच्या सीटसमोरही क्लच आणि ब्रेक असतात. सर एका हाताने मोबाइल बघत पायाने गाडी सांभाळतात. वीस दिवसांत गाडी एकदाही बंद पडत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपल्या पायात कला आहे. लायसन्स त्याच्या नावावर निघतं, क्लच सरांचा असतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये चाचणीत काय काय यायला हवं त्याची यादी आहे. चढावर गाडी थांबवून, मागे न जाऊ देता पुन्हा निघणं हे त्यात लिहिलेलं आहे. कागदावरचा हा चढ ठाणेकराला प्रत्यक्षात भेटतो तो बहुधा घोडबंदर रोडवर, गायमुखच्या घाटात, पुढे कंटेनर आणि मागे बंपरला चिकटलेली दुसरी गाडी असताना.

तिथे हँडब्रेक हा एकच देव. तो ओढून ठेवा, ब्रेकवरचा पाय काढा. पहिला गिअर, थोडी रेस, सपाटीपेक्षा जास्त. काटा दीड हजाराच्या आसपास स्थिर. क्लच त्या इंचापर्यंत आणा. गाडीचं नाक जरासं वर उचलल्यासारखं होईल आणि गाडी हँडब्रेकला हिसका देईल, दावणीला बांधलेल्या बैलासारखी. आता हँडब्रेक सोडा. गाडी मागे न जाता पुढे निघते. क्रम उलटा केला, म्हणजे आधी हँडब्रेक सोडला आणि मग इंच शोधायला गेलात, तर मागच्याशी ओळख होते. हिल होल्ड असलेल्या गाड्या साधारण दोन सेकंद ब्रेक धरून ठेवतात. मदत म्हणून ठीक, पण दोन सेकंद म्हणजे दोनच.

चढावर रांगेत उभं असताना ब्रेक न लावता हाफ क्लचवर गाडी तोलून धरणारे काही कलाकार असतात. गाडी मागे नाही, पुढे नाही, हवेत तरंगल्यासारखी. बघायला छान, पण आत प्लेट त्या सगळ्या वेळात फ्लायव्हीलवर घासली जात असते. मग बॉनेटकडून जळका वास येतो आणि कलाकार पुढच्या ट्रककडे संशयाने बघतो.

जळका वास सपाटीवरही येतो, आणि त्याचा उगम बहुतेकदा घोडबंदर रोडवरच्या मानपाडा ते कासारवडवली या गर्दीच्या पट्ट्यात. रांग चार फूट सरकली की आपणही चार फूट सरकायचं, हा मराठी बाणा सोडून द्या. पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून, रेस न देता गाडी ताशी पाच-सहा किलोमीटरने आपली आपण चालते. त्याहून हळू जायचं तर हाफ क्लचच लागतो. म्हणून दोन गाड्यांची जागा होऊ द्यावी, मग क्लच पूर्ण सोडून सावकाश जावं. त्या जागेत एक रिक्षा घुसेल. घुसू द्या. तिच्या ड्रायव्हरचा क्लच डाव्या मुठीत असतो, त्याचं दुःख वेगळं आहे.

सिग्नलला थांबलात की न्यूट्रल करून पाय काढून घ्या. क्लच दाबून उभं राहिलात तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर प्रेशर प्लेटची स्प्रिंग ढकलणारं बेअरिंग, विनाकारण दाबाखाली फिरत राहतं. चालत्या गाडीत पेडलवर पाय नुसता ठेवणंही वाईट. "दाबत नाहीये, टेकवलाय" असं म्हणतात, पण पायाला वजन असतं. डावीकडे पाय ठेवायला जागा दिलेली असते, ती शोभेची नाही.

ब्रेक लावताना दोन्ही पाय एकदम दाबायची सवयही स्कूलचीच. वेग असताना आधी फक्त ब्रेक. इंजिनसुद्धा गाडीला मागे ओढत असतं, त्याचा फायदा घ्या. गाडी अगदी मंदावली, थरथरायच्या बेतात आली, की मग क्लच. रिव्हर्स टाकताना "कर्रर्र" होतं त्याचं कारण असं, की बऱ्याच गाड्यांत रिव्हर्सला बाकीच्या गिअरसारखी वेग जुळवून देणारी सोय नसते. गाडी पूर्ण थांबवून, क्लच तळापर्यंत दाबून दोन-तीन सेकंद थांबा, आतला दांडा फिरायचा थांबतो. तरी अडला तर आधी पहिला टाकून मग रिव्हर्स.

एवढं करूनही प्लेट एक दिवस जातेच. माजिवड्याच्या पुलावर रेस दिल्यावर इंजिन ओरडतं, काटा वर जातो आणि वेग तसाच राहतो, तेव्हा ती गेली असं समजा. खात्री करायची तर सपाट, मोकळ्या जागी हँडब्रेक पक्का ओढून तिसऱ्या गिअरमध्ये सावकाश क्लच सोडा. गाडी लगेच बंद पडली तर ठीक. आयुष्यात हा एकच प्रसंग, जेव्हा गाडी बंद पडल्याचा आनंद होतो. चालूच राहिली तर मेकॅनिक गाठा. प्लेट बदलायला गिअरबॉक्स उतरवावा लागतो, तेव्हा प्रेशर प्लेट आणि बेअरिंगही सोबतच बदलून घ्या. एका बेअरिंगसाठी सहा महिन्यांनी पुन्हा तीच मजुरी भरणं जिवावर येतं.

नव्या प्लेटवर पहिले काही दिवस इंच पुन्हा शोधावा लागतो. शेजारच्या सीटवर यावेळी सर नसतात, काका असतात. त्यांच्यासमोर पेडल नसतं. तरी प्रत्येक सिग्नलला त्यांचा डावा पाय पुढे जातो, तळापर्यंत दाबला जातो आणि हळूहळू वर येतो. त्यांच्या बाजूची मॅट दर वर्षी बदलावी लागते.