सात वर्षांच्या आत सायकल, नाहीतर कधीच नाही? कोण म्हणतं?

मे संपत आला की फॉरवर्डचा पाऊस आधी पडतो, खरा नंतर. यंदा पालकांच्या सगळ्या ग्रुपवर एक फिरतोय, आमच्या नेरुळच्या सोसायटीच्या ग्रुपवर तर परत परत येतोय. शाळा सुरू व्हायच्या आत मुलाला सायकल शिकवा, सात वर्षांच्या आत नाही आली तर तोल कायमचा कच्चा राहतो. मग पुढे नियम: आधी साइडची चाकं लावा, सायकल एक साइझ मोठीच घ्या, जोरात चालवायला लावा कारण चाकाच्या जायरोस्कोपमुळे (म्हणजे फिरतं चाक भोवऱ्यासारखं उभं राहतं म्हणून) सायकल पडत नाही, पडल्याशिवाय येत नाही, पहाटे नवी मुंबईतल्या पाम बीच रोडला न्या, आणि पावसाळ्यात गॅप पडला की सगळं विसरतं.

आधी ती सात वर्षांची भानगड. तोल सांभाळण्यात मोठा वाटा लहान मेंदूचा, म्हणजे मेंदूच्या मागच्या भागाचा असतो आणि तो सातव्या वाढदिवसाला दुकान बंद करून घरी जात नाही. चाळिशीतली, पन्नाशीतली माणसं सायकल शिकतात, त्यांना वेळ जास्त लागतो कारण भीती जास्त असते, बस. पाचव्या वर्षी आली तर छान, दहाव्या वर्षी आली तरी छान. जूनच्या मध्यात शाळा उघडणार म्हणून आठवड्यात उरकायचं हे जे चाललंय ना, त्यातच निम्मी पोरं रडून सायकल टाकून देतात.

साइडची चाकं. ह्यावर मात्र मला जरा जास्त बोलायचंय. चालती सायकल वळते ती कलून. डावीकडे वळायचं असेल तर हँडल आधी कणभर उजवीकडे जातं, त्याने सायकल डावीकडे कलते आणि मग हँडल डावीकडे येतं, आपण सगळे हे नकळत करत असतो, विचारलं तर कुणालाच सांगता येणार नाही. साइडची चाकं लावली की सायकल कलूच शकत नाही, म्हणजे ती झाली रिक्षा, आणि पोरगं रिक्षासारखं हँडल फिरवायला शिकतं. महिनाभराने चाकं काढली की तीच सवय त्याला पाडते आणि आपण म्हणतो ह्याला बॅलन्सच नाही! अरे बॅलन्स शिकायची वेळच कुठे आली त्याच्यावर?

त्यापेक्षा उलटं करा, पायडलच काढून टाका. ही काही नवी फॅशन नाहीये. 1817 साली जर्मनीत मानहाइमला कार्ल फॉन द्राइसने जी पहिली दुचाकी काढली तिला पायडल नव्हतंच, पायाने जमीन मागे ढकलत जायचं, पायडलवाली सायकल लोकांना मिळाली ती 1860 नंतर. त्यासाठी महागाची बॅलन्स बाईक घ्यायची गरज नाही, आहे त्याच सायकलचे पायडल पान्याने निघतात. फक्त डाव्या पायडलचा आटा उलटा असतो, तो घड्याळाच्या दिशेने फिरवला की सुटतो, नाहीतर जोर लावून लावून आटा खराब करून बसाल. मग सीट एकदम खाली, दोन्ही तळवे पूर्ण टेकले पाहिजेत. आधी चालू दे, मग पळू दे, मग पोरगं स्वतःच पाय वर उचलून घसरगुंडीसारखं लांब जायला लागतं आणि वळायलाही लागतं. तेवढं जमलं की पायडल परत लावा. मागून सीट धरून धावणाऱ्या बाबांची कंबर वाचते हा बोनस.

एक साइझ मोठी घेण्यामागे पैशाचा हिशोब आहे, तो मला कळतो. पण पाय टेकत नसेल तर पोरगं तोलाचा नाही, उतरायचं कसं ह्याचाच विचार करतं. दुकानात वय सांगू नका, पोराला बसवून बघा, आणि ब्रेकपर्यंत बोटं पोचतात का तेही बघा. दर दोन वर्षांनी नवीन परवडत नसेल तर कुठल्याही बिल्डिंगच्या पार्किंगमध्ये धूळ खात पडलेल्या छोट्या सायकली आहेतच की, ग्रुपवर फॉरवर्डऐवजी तेवढं विचारा.

जायरोस्कोपचं अर्धं सत्य आहे. थोडा वेग आला की तोल सोपा होतो हे खरं, पण कारण ते नाही. 2011 साली सायन्स ह्या साप्ताहिकात एक प्रयोग छापून आला, अमेरिकेतल्या कॉर्नेल आणि नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट विद्यापीठाच्या लोकांनी अशी सायकल बनवली की तिच्यात उलट फिरणारी जादा चाकं होती, म्हणजे जायरोस्कोपचा परिणाम जवळजवळ शून्य, तरी ढकलून सोडल्यावर ती स्वतःचा तोल सांभाळत गेली. सायकल ज्या बाजूला पडतेय त्या बाजूला हँडल वळलं पाहिजे, मुख्य खेळ तो आहे. नवख्या पोराला "जोरात मार जोरात मार" ओरडून फक्त भिंत लवकर येते.

पडल्याशिवाय येत नाही? पाय जमिनीला टेकतायत, वेग चालण्याएवढा, तर पडायचं कशाला. खरचटेल कधीतरी, पण खरचटणं हा काही सिलॅबस नाही. हेल्मेट घालाच.

पाम बीच रोडचं वाचून तर डोकंच फिरलं. वाशी ते बेलापूर साधारण दहा किलोमीटरचा सरळ रस्ता, पहाटे मोकळा असतो म्हणूनच गाड्या सुसाट जातात. तिथे शिकाऊ पोरगं? सेक्टरमधलं मैदान, स्टिल्टचं पार्किंग, पोडियम, जिथे गाडी येत नाही अशी कुठलीही सपाट जागा बास. वॉचमन कटकट करेल, त्याच्याशी आधी बोलून ठेवा.

राहता राहिला पावसाळा. मुंबईत पाऊस सरासरी 11 जूनला येतो, 2025 मध्ये तर 26 मेलाच आला, मग काय त्या वर्षीची पोरं सायकल विसरली? अंगवळणी पडलेली गोष्ट पाठांतरासारखी उडून जात नाही, दिवाळीत सायकल काढली की पहिल्या फेरीला डगमगेल आणि मग चालू. पावसात एकच बघा, मुलांच्या स्वस्तातल्या सायकलींना स्टीलचे रिम असतात आणि ओल्या स्टीलवर रबरी ब्रेक जवळपास लागतच नाही, त्यामुळे रिमझिम असली तरी रॅम्पवरून खाली सोडू नका, आणि घरात घ्यायच्या आधी चेन पुसून तेलाचे दोन थेंब टाका.