'हातचा'ला कोशात जागा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

'घरचा', 'पोटचा', 'हातचा' या षष्ठीच्या रूपांना कोशात स्वतंत्र नोंद हवी, असं मी लिहिलं होतं. त्यावर आपण म्हणता : "ताई, जरा व्याकरण उघडून बघा. 'घर'ला 'चा' लागला, झाला 'घरचा'. अशानं कोशाचं भंगाराचं दुकान होईल. मग 'गावचा', 'शेजारचा', 'उद्याचा' यांनी काय घोडं मारलंय? आणि मोल्सवर्थचं सालही चुकलंय."

सालाचं आधी. चुकलंच. मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची 1857 ही दुसरी आवृत्ती, पहिली 1831ची. दुरुस्त केलंय. आभार.

आता ते 'ताई, जरा'. मी आपली ताई नव्हे, आणि हा 'जरा' मला चांगलाच ओळखीचा आहे. अकरा वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली. 'जरा बघा हो बाई' म्हणत येणाऱ्यांचेच ऱ्हस्व-दीर्घ मी निस्तरत बसायची. भंगाराचं म्हणाल, तर दाते-कर्व्यांचा शब्दकोश 1932 ते 1938 या काळात सात खंडांचा झाला, शिवाय वाक्संप्रदायांचा कोश त्यांनी वेगळा काढला. त्यांना कुणी भंगारवाले म्हटल्याचं ऐकिवात नाही.

'घर'ला 'चा' लागला म्हणता. मग 'घराचा' व्हायला हवं ना? सामान्यरूप (प्रत्यय लागण्याआधी शब्दाचं बदलणारं रूप, 'घर'चं 'घरा') नावाची गोष्ट त्याच व्याकरणात आहे, जे मी उघडायचं होतं. घराचा दरवाजा, पण घरचा माणूस. पोटाचा विकार, पण पोटचा मुलगा. अदलाबदल करून डॉक्टरांना सांगून बघा! 'हातचा' तर हातापासून फारच लांब गेलाय. 'सात नि आठ पंधरा, पंधराचे पाच, हातचा एक.' पाटीवर बेरीज शिकताना मी आईला विचारलं होतं, हा एक ठेवायचा कुठे? ती म्हणाली, मुठीत. पुढची बेरीज होईपर्यंत मी खरंच मूठ मिटून बसले होते. कोशात 'हात' काढून वाचणाऱ्या परक्या माणसाला हा एक कुठे सापडावा? आणि 'हातचा राखून बोलणं'? (जे आपल्याला या प्रतिक्रियेत अजिबात जमलेलं नाही.)

'गावचा', 'शेजारचा' हा मुद्दा किरकोळ आहे, त्यात शिरत नाही. 'उद्याचा'चं उद्या बघू.